दांडीतली माया

"ड्रोन उडालं," असं तुम्ही म्हणता ना मित्रांनो, तेव्हा ते कोणीतरी उडवलेलं असतं. पंखे नुसते फिरतात, बॅटरी नुसती ताकद पुरवते. वाऱ्याची झुळूक आली की कोणत्या पंख्याने जोर लावायचा आणि कोणत्या पंख्याने जरा दमाने घ्यायचं, हे ठरवणारा मी. मी एक जुना फ्लाइट कंट्रोलर आहे. आगपेटीएवढा जीव, पण चार पंख्यांच्या ड्रोनचा सगळा कारभार माझ्याकडे. ही बढाई वाटली तर वाटू द्या. मी ती कमावली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हिरव्या पाटीवर यंत्राने दाण्याएवढे भाग मांडले. त्यातला एक तोल ओळखतो, दुसरा हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. माझ्या तोंडावर एक पांढरा बाण छापला. बाणाचं टोक ड्रोनच्या पुढच्या बाजूला हवं आणि माझं तोंड वर आकाशाकडे हवं, एवढाच माझा आग्रह असतो. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला इकडेतिकडे कलवून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि डबीत घातलं. त्या मान हलवण्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

पुढे मी एका दुकानातल्या काचेच्या कपाटात येऊन पडलो. तिथे हौशी लोक ड्रोनचं सामान घ्यायला यायचे. माझ्या शेजारी शर्यतीच्या ड्रोनसाठीचा एक कंट्रोलर बोर्ड होता. देखणा, चपळ आणि तितकाच शिष्ट. गिऱ्हाईक आलं की त्याला उचलायचं आणि मला बाजूला सारायचं. नवी मॉडेलं येत गेली तसा मी मागच्या रांगेत गेलो. अंगावर धूळ बसली. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एके दुपारी ती आली. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारी होती. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना ग्रीसचा वास. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न केला, "काय करायचंय? शर्यत, फोटो, का नुसती हौस?"

ती म्हणाली, "माझ्या वडिलांना ड्रोन उडवायचंय. त्यांचे हात थरथरतात."

शर्यतीच्या बोर्डाकडे निघालेला दुकानदाराचा हात तिथेच थांबला. "मग हा नको. हा फारच आज्ञाधारक आहे. रिमोटची दांडी जरा हलली की लगेच पळतो. हात थरथरला की ड्रोनपण थरथरणार." त्याने मागच्या रांगेत हात घालून मला काढलं आणि फुंकर मारली. "हा न्या. मॉडेल जुनं आहे, पण समजूतदार आहे. दांडी सोडून दिली तर आहे त्या उंचीवर थांबून राहतो. आणि बारीकसारीक हालचालीकडे लक्ष देऊ नकोस, असं याला सांगून ठेवता येतं."

ती मला तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाच द्या." मित्रांनो, शेजाऱ्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हे, शिवणकामाचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, खिळ्याला लटकलेली टेप. जन्मभर त्यांनी लोकांचे कोट शिवले आणि सुट्टीच्या सकाळी मैदानावर हलक्या लाकडाची विमानं उडवली. मग हातांना कंप सुटला. आधी सुईत दोरा जाईना, मग शिवण सरळ येईना. शेवटी एक विमान उतरवताना जमिनीवर आपटलं आणि त्याचे तुकडे झाले. त्यानंतर मशीनवर चादर पडली आणि रिमोट टेपेशेजारी खिळ्याला गेला. गळ्यात अडकवायचा त्याचा चामडी पट्टा मास्तरांनी स्वतः शिवला होता.

लेकीने मला त्या लांब टेबलावर ठेवून कॉम्प्युटरला जोडलं. "बाबा, दांडी मधे असताना थोडी हलली तरी हा लक्ष देणार नाही. मधे थोडी मोकळी जागा ठेवलीय."

"म्हणजे माया ठेवलीस," मास्तर म्हणाले.

कापड बेतताना शिंपी शिवणीच्या पलीकडे थोडं जास्तीचं कापड राखतात, त्याला ते माया म्हणतात. अंग भरलं किंवा माप चुकलं, तर तीच कामी येते.

लेक हसली. "हो, मायाच."

"मग जरा जास्तच ठेव. माझं माप हल्ली रोज बदलतं."

मला ड्रोनमध्ये बसवायचं काम मात्र मास्तरांनी मागून घेतलं. लेकीने चारही मोटारींच्या वायरींना रंगीत दोरे बांधून दिले आणि माझ्या खाचांवर त्याच रंगांचे ठिपके दिले. ती कामावर गेली आणि मास्तर चष्मा लावून बसले. उंची ओळखणाऱ्या भागाला पंख्यांचा वारा लागू नये म्हणून त्यावर स्पंज लावतात. तो त्यांनी एका जुन्या कोटाच्या खांद्याच्या पॅडातून कापला. हात थरथरत होते, पण कड अशी सफाईदार आली की मला नवा कपडा मिळाल्याचा आनंद झाला. मग त्यांनी दोऱ्याला ठिपका जुळवला, जाड चिकटपट्टीने मला घट्ट बसवलं आणि वरून झाकण लावलं. त्यात एक चूक झाली होती. मला ती लगेच उमगली असती, पण बॅटरी जोडेपर्यंत मला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही, आणि जोडल्यावरही फक्त पीं पीं करता येतं.

सुट्टीच्या सकाळी आम्ही मैदानावर गेलो. मास्तरांचा जुना सवंगडी, एक निवृत्त पोस्टमन, आधीच येऊन थांबला होता. मास्तर त्याला म्हणाले, "आज जमलं तर जमलं. नाहीतर हा रिमोट तुला देऊन टाकतो. खिळ्याला लटकलेला बघवत नाही मला."

पंखे सुरू करायला रिमोटची डावी दांडी खालच्या कोपऱ्यात नेऊन जरा वेळ धरून ठेवावी लागते. मास्तरांनी ती धरली. मी पीं पीं केलं आणि पंखे सुरू केले नाहीत. त्यांनी पुन्हा धरली. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी दांडी दाबली, ओठ घट्ट मिटले. मी तरीही बधलो नाही.

"साधी दांडी धरवत नाही मला," ते म्हणाले. "उडवणार काय कपाळ." त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि पोस्टमनच्या गळ्यात घातला.

"अहो मास्तर, एवढी काय घाई," पोस्टमन पुटपुटला, पण कुठे बघावं ते त्याला कळेना.

मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटत होता. मास्तरांचा निरोप मला दर वेळी नीट पोहोचला होता. मी नाही म्हणत होतो ते उडण्याला. त्यांच्या हातांना मी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

लेक पुढे झाली. पोस्टमनच्या गळ्यातल्या रिमोटची दांडी तिने कोपऱ्यात धरली. तिची बोटं पक्कड धरणारी, दगडासारखी स्थिर. मी तिलाही नाही म्हणालो, आणि कोणाला नाही म्हणताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"बाबा, माझे हात थरथरतात का?"

"नाही."

"मग मला का नाही म्हणतोय हा? लिफ्ट हलत नसेल तर आम्ही आधी दारं बघतो. एखादं दार उघडं असलं की ती मुद्दाम हलत नाही. याचंही कुठलंतरी दार उघडं आहे."

तिने झाकण काढलं. "बाण कुठाय?" ती म्हणाली.

मास्तर उकिडवे बसले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मी सुलट आत घातली."

"म्हणजे काय?" पोस्टमनने विचारलं.

"अरे, शिवताना कापडाची सुलट बाजू आत ठेवतो आपण आणि उलट बाहेर. शिवून झालं की पलटायचं. हात आपोआप तसेच चालले. याचं तोंड आत गेलं आणि पलटायचं राहिलं." आणि मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

माझं तोंड जमिनीकडे होतं. मला वाटत होतं की ड्रोन पाठीवर उताणं पडलंय. उताण्या ड्रोनचे पंखे सुरू केले तर कोणाचं तरी बोट जाईल, म्हणून मी हट्टाला पेटलो होतो. याचा मला आजही अभिमान आहे.

लेक मला उचकटायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिचा हात धरला. "उसवू नको. उलटा बसलायस, असं सांगता येतं का याला?"

"येतं की." तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मला तेवढंच सांगितलं, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. दुकानदार मला उगाच समजूतदार म्हणाला नव्हता.

पट्टा पुन्हा मास्तरांच्या गळ्यात आला. त्यांनी दांडी कोपऱ्यात धरली आणि मी चारही पंखे सुरू केले. आम्ही वर गेलो. त्यांच्या अंगठ्यांची प्रत्येक थरथर माझ्यापर्यंत येत होती. मी ती मायेत जिरवली आणि जागचा हललो नाही. मग त्यांना खरंच डावीकडे जायचं होतं, ते मला बरोबर कळलं, आणि मी डावीकडे गेलो. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली. शेवटी त्यांनी मला त्यांच्या चपलांसमोर गवतात अलगद उतरवलं.

"मास्तर, हात थांबले की तुमचे," पोस्टमन म्हणाला.

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. ते तसेच थरथरत होते. "कुठले थांबतायत. हा मनावर घेत नाही, एवढंच."

त्यानंतर आम्ही खूप उडलो. पंखे तुटले, बॅटऱ्या फुगल्या, सांगाडासुद्धा बदलला, मी मात्र तोच. मधे मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कपाटावर धूळ खात पडलो होतो. त्या काळात लेकीने एक चकचकीत नवा कंट्रोलर आणून टेबलावर ठेवला. बाबांना कुठला हवा ते तिने विचारलं. मास्तरांनी दोघांना हातात घेतलं, नव्याची तारीफ केली, आणि नव्या सांगाड्यात मलाच बसवायला सांगितलं. "आणि सुलट आत," असंही वर बजावलं. मी आजही तोंड खाली करून बसतो आणि सरळ उडतो.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्याला निवडताना तो किती जोरात पळतो ते जरूर विचारा, पण तो कोणाच्या हातात जाणार आहे, हे आधी विचारा. आणल्यावर त्याची धूळ पुसा, स्पंज बदला. तो नाही म्हणाला तर आपटू नका, झाकण उघडून बघा. आणि एखाद्याचे हात थरथरताना दिसले, तर त्या हातांतलं काम काढून घेऊ नका. थोडी माया ठेवा.