जातो म्हणून न गेलेला भाऊ

सन १९३४ च्या वैशाखात गोदागंगेपलीकडील मळेकऱ्यांच्या वस्तीत पटकीची साथ शिरली. त्या रविवारी आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभू येशूने सांगितलेला दोन पुत्रांचा दाखला वाचण्यात आला. पित्याने द्राक्षमळ्यात कामास जा म्हणताच एकाने "जात नाही" म्हटले, परंतु पश्चात्ताप पावून तो गेला. दुसरा "जातो, महाराज" म्हणाला, परंतु गेला नाही. वाचनाचा मान मजकडे होता.

आमच्यात अशी रीत होती की, सेवा पत्करणाऱ्याने सर्वांदेखत उभे राहून होकार द्यावा. वस्तीच्या विहिरीत लाल औषध टाकण्याविषयी पाळकांनी प्रथम माझा धाकटा भाऊ बहिरू यास विचारले.

"मी नाय जायचा. मरायची घाई कुणाला?"

बायका तोंडास पदर लावून हसल्या. मी शरमेने तापलो व उभा राहून वदलो, "मी जातो."

पाळकांनी माझ्या नावाने वस्तीत निरोप धाडला की, सोमवारी गोटीराम औषध आणील, तोवर विहिरीचे पाणी पिऊ नये.

सोमवारी औषधाचा डबा घेऊन मी नदीच्या उतारापर्यंत पोहोचलो. समोरून एकामागून एक दोन तिरड्या येत होत्या, आणि दुसरीस खांदा देणारे तिघेच होते. मी माघारी फिरलो, डबा जात्यामागे दडविला व आईस सांगितले, "टाकून आलो."

मंगळवारी डबा बहिरूच्या हाती लागला.

"दादा, झाकणबी उघडलं नाय तू!"

"उद्या जाईन."

"उद्या? ती माणसं तुझ्या नावावर तहानलेली बसली असतील!"

तो डबा उचलून निघाला. मी त्यास अडविले नाही. खरे सांगावयाचे तर मला हायसे वाटले. बुधवारीही तो परतला नाही.

गुरुवारी सकाळी वस्तीवरची नवसाबाई आमच्या अंगणाबाहेर उभी राहिली.

"गोटीराम कोण? सोमवारी दिवसभर कोरड्या घशानं वाट पाहिली त्याची. सांजच्याला पोरं रडाया लागली, मग प्यालो तेच पाणी. माझी नात गेली."

आई म्हणाली, "अगं, माझा गोटीराम टाकून आला की!"

"आला तो दुसरा. नाव नाय सांगितलं त्यानं. आता तोच उलट्या करून निपचित पडलाय."

आईने मजकडे पाहिले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"मीच गोटीराम," मी म्हणालो.

"मग ये, नाय तर नको येऊ. तुझ्यावाचून आमचं काय अडलं नाय आता."

ती चालू लागली, मी मागोमाग. तिने एकदाही वळून पाहिले नाही. दुसरा पुत्र दिवस कलल्यावर मळ्याच्या दाराशी गेला असता तर त्यास आत घेतले असते काय, हे दाखल्यात लिहिलेले नाही. मी वाटभर तेच आठवून पाहत होतो आणि माझ्या तोंडास कोरड पडली होती.

वस्तीतल्या एका झोपडीतून बहिरूचे कण्हणे ऐकू येत होते. उंबऱ्यात चार पुरुष बसले होते.

"कोण रं तू?"

मी नाव सांगितले. कोणी उठले नाही, कोणी पाय आखडला नाही. मी त्यांचे पाय ओलांडून आत शिरलो.