घडीभर बसावं लागतं

कडी बसतच नव्हती. पितळेची एवढीशी कडी — आणि निवृत्त कर्नल गोटहार्ड लिंडनर गुडघे टेकून तिच्याशी झगडत होता... तरुणपणी जर्मनीतलं आपलं गाव रोस्टॉक सोडताना हीच पेटी, बहीण डोरोथेया वर चढून बसली तेव्हा कुठे मिटली होती. दोन वर्षं झारची चाकरी, गाठीला थोडा पैसा, की परत, असं ठरलेलं. मग तुर्कांशी लढाई, मग कॉकेशसमध्ये मांडीत गोळी, मग ‘जर्मन आहे ना, मोजूनमापून देईल’ म्हणून वर्षानुवर्षं घोड्यांच्या चाऱ्याचं कोठार! परतीचा दिवस उजाडला तो आज. गोटहार्ड हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा पलटणीनं त्याचा गेरासिम केला; रशियात हाक मारताना बापाचंही नाव जोडतात, म्हणून बाप विल्हेल्म, त्याचा वासिली. बिचारा म्हातारा पाववाला, मरेपर्यंत त्याला आपल्या या बारशाचा पत्ता नव्हता.

“गेरासिम वासिल्येविच, बसा बघू,” हुजऱ्या पोरफिरी म्हणाला. “प्रवासाला निघताना घडीभर गप बसावं लागतं.”

“काहीतरीच! गाडीवाला खोळंबलाय.”

“कधी बसला नाहीत, म्हणून तर जनरल झाला नाहीत.”

तो पेटीवर बसला, तशी कडी मुकाट्यानं लागली. मग पेटी गाडीत चढली, त्यानंही एक पाय ठेवला — आणि चष्मा! चष्मा वरच राहिला.

रिकाम्या खोलीत चष्मा खिडकीत होता. तो उचलून गोटहार्ड वळला, आणि दाराजवळ थांबून त्यानं भिंतीवरच्या आरशात नीट पाहिलं. निघालेलं माणूस परत फिरलं तर आरशात पाहावं, म्हणजे अपशकुन टळतो, ही रशियन लोकांची रीत... पण आत्ता तर ती सांगायला कुणीच नव्हतं.

हे मी केलं? मी? रोस्टॉकला असा डोकावलो तर डोरोथेया वैद्य बोलावील. तिनं माझ्यासाठी खोलीला चुना लावलाय, पडदे शिवलेत. दर हिवाळ्यात मीच लिहीत आलो, येतो, येतो म्हणून. तिच्या शेजारणींत मी ‘आमचा रशियन’. इथं ‘आपला जर्मन’... आमचा, आपला — मेल्यांनो, मी इथलाच झालोय हे आधी नाही सांगायचं? त्याला रडू आलं आणि रडू आलं म्हणून संताप आला.

“परत फिरलात ना?” खालून पोरफिरी ओरडला. “आता पुन्हा बसावं लागेल हं!”

“बसलोय!” तो खेकसला. उघड्या पलंगावर तो खरंच बसला होता, टोपी मांडीवर, पाय जुळवून. उठायचं कधी, हे पोरफिरीनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.