दोघींनी धरलेली चादर

मी एक जुनी चादर आहे, आणि आधीच सांगते मित्रांनो, मी भयंकर चिडलेली आहे. चादरीला डोकं कुठलं, असं म्हणाल. पण राग यायला डोकं लागत नाही.

मागावरून उतरले ती थेट इस्पितळात आले. कितीतरी आजारी माणसं माझ्यावर निजली आणि बरी होऊन घरी गेली. परिचारिका माझ्या सुताचं कौतुक करायच्या. मग राजकारण पेटलं, शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला, आणि मी रक्ताने भिजू लागले.

पुढे शांतता आली म्हणे. आमच्या धुलाईघरात काही ती आली नव्हती. तिथे काकू आणि वहिनी कामाला होत्या. काकूंच्या मुलाला त्या दिवसांत घरातून ओढून नेलं, तो परतलाच नाही. वहिनीचं घर काकूंच्या गल्लीतल्यांनी जाळलं, नवऱ्यासकट. दोघी एकमेकींचं तोंड पाहत नसत. पण ओल्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि घडी घालत समोरासमोर यायचं. रोज बोटाला बोट लागायचं आणि रोज दोघी माना फिरवायच्या.

एका दुपारी वहिनीने मान फिरवली नाही. म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा वीटभट्टीमागच्या विहिरीत आहे. टाकणाऱ्यांत माझे दीर होते."

काकूंनी माझी टोकं सोडली नाहीत. "नीट धर, खाली लागेल," एवढंच म्हणाल्या आणि मटकन बसल्या. वहिनीही शेजारी बसली. माझ्यात तोंड खुपसून दोघी रडल्या.

मुलगा सापडला. मग इतर बायका धुलाईघरात येऊ लागल्या. कुणाचा भाऊ हरवलेला, कुणाचा बाप. या दोघी दारोदार फिरल्या, शिव्या खाल्ल्या, आपल्याच घरच्या पुरुषांना खोदून खोदून विचारत राहिल्या. आणि सलोख्याचं श्रेय घेतलं कुणी? गावच्या शांतता समितीने! सगळे पुरुष, त्यांतले काही तर आग लावणारेच. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! समझोत्याच्या कागदावरच्या सह्यांसाठी टेबलावर मला अंथरलं आणि बायकांना सांगितलं, चहाचं तेवढं बघा.

काकूंनी बोलायला वेळ मागितला, तर अध्यक्ष हसून म्हणाले, "काकू, आता जुनं उकरून काय मिळणार?"

"हाडं मिळतात," काकू म्हणाल्या. "मला मिळाली. या बाकीच्या अजून वाट बघताहेत."

टेबलाखाली माझ्या काठाला सगळ्यांचे गुडघे लागत होते, त्यांतले दोन हळूच मागे सरकले. वहिनीने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि नेमकी त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्याने सांगितलं. खाली मान घालून, एकेक ठिकाण. त्या दिवशी सह्या झाल्याच नाहीत, लोक फावडी घेऊन निघाले.

मित्रांनो, मी आता विरत चालले आहे. माझं खुशाल पोतेरं करा, मला जपू नका. पण बायकांना चहाला पिटाळून कुणी 'सगळं मिटलं' म्हणाला, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा. आणि त्याला विचारा, माणसं कुठे पुरलीत?