जुने गुडघे

सरितानं गोळी जिभेवर ठेवली आणि वीणानं तिचं मनगट धरलं.

“थुंक.”

सरितानं मान हलवली. पण गोळी गिळायला पाणी हवं होतं, आणि बाटली बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, वीणाच्या सॅकशेजारी होती. कडू चव तोंडभर पसरली. शेवटी तिनं गोळी तळहातावर काढली आणि लहान मुलीसारखी मूठ मिटून घेतली.

“पट्टी बघू.”

पट्टी म्हणजे सहा गोळ्यांचा तुकडा, तीन घरं रिकामी. सरिताची नणंद पुण्याहून येताना घेऊन आली होती, ‘गुडघ्यांवर रामबाण आहे वहिनी’ म्हणून. केमिस्टनं ती कात्रीनं कापून दिलेली, त्यामुळे औषधाचं नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेलं होतं. या तुकड्यावर कंपनीच्या पत्त्यातला पिनकोड तेवढा उरला होता. वीणानं पट्टी उन्हात धरून उलटसुलट पाहिली. कोथरूडला तिचं बावीस वर्षं औषधांचं दुकान होतं आणि अशा हजारो पट्ट्या तिनं स्वतःच्या हातानं कापल्या होत्या. करावं तसं भरावं म्हणतात ते असं.

“पेनकिलर दिसतेय. कुठली, किती पॉवरची, देव जाणे. किती घेतल्यास?”

“काल दोन. ही तिसरी.”

“आणि बीपीची?”

“ती रोजच्या रोज. तूच डबीत भरून दिलीस ना.”

वीणानं कपाळाला हात लावला.

ग्रेट ओशन वॉकचा सहावा दिवस होता. समुद्राच्या कडेकडेनं शंभरावर किलोमीटर चालायचं, रोज पाठीवर तंबू वागवायचा, असला उद्योग त्रेसष्टाव्या वर्षी कुणी सांगितलाय, असं परदेशातल्या त्यांच्या टार्निट गावात प्रत्येकानं सरिताला विचारून झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी ती मुलाकडे आली ती नातवंडांसाठी. दोघांचे डबे, शाळा, पोहण्याचे क्लास यांत गुडघे कधी गेले ते कळलंही नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही बदलायचे ठरले होते. तारीख मिळाली त्याच संध्याकाळी तिनं मिहिरला सांगितलं, “बदलायचेच आहेत ना? मग जुने आधी वापरून तरी संपवते.” मिहिर हसला होता. आई खरंच बूट घेऊन आली तेव्हा त्याचं हसू मावळलं. दोन गल्ल्या सोडून राहणारी वीणा बरोबर जाणार, एवढ्या एका अटीवर त्यानं तोंड मिटलं.

“ऐक,” वीणा म्हणाली. “तुझ्या बीपीच्या गोळीत अंगातलं पाणी काढणारं औषधपण आहे. त्यावर ही पेनकिलर. त्यात दिवसभर उन्हात चालायचं. पाणी कमी पडलं की किडनीवर येतं सगळं. आणि दुखणं दाबलंस की पाय कसा पडतोय तेही कळत नाही.”

“किडनी माझी आहे.”

“गुडघ्यांची तारीख मिळालीय तुला. किडनीची इतक्या लवकर नाही मिळत.”

“मला इथून गाडीत बसून जायचं नाहीये, वीणा. बास.”

हे ती जरा मोठ्यानंच बोलली. पलीकडे तंबू गुंडाळणाऱ्या जोडप्यानं वळून पाहिलं. काल संध्याकाळीच मिहिरचा मेसेज आला होता: ‘आई, बी सेन्सिबल. जोहॅनाच्या कॅम्पवर येतो मी घ्यायला. फक्त यस म्हण.’ सरितानं तो वाचून फोन बुटात टाकून दिला होता.

वीणानं आपल्या पिशवीतून पॅरासिटामॉल काढली. “ही घे. ही चालेल तुला.”

“हिनं काय होणार?”

“जेवढं होईल तेवढं.” आणि तिनं सरिताची बाटली उचलून पुढे केली. पुढे करता करता ती थांबली. बाटली जड होती. तिनं झाकण उघडून आत पाहिलं, मग सरिताकडे पाहिलं.

“ही तू काल सकाळी भरलीस. आज तर अजून भरलीच नाहीस.”

सरिता वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागली. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

“काल दिवसभर तू बाटली तोंडाला लावत होतीस. मी बघत होते. मग?”

“ओठ ओले करत होते.”

“का?”

सरितानं नाडीची गाठ पुन्हा आवळली. वीणानं तिचा फोन बाकावर आणून ठेवला.

“इथे रेंज आहे आणि इथपर्यंत गाडी येते. पुढे दोन दिवस दोन्हींचा भरवसा नाही. का ते सांग, नाहीतर मीच मिहिरला यस म्हणते.”

सरिताला तिचा भयंकर राग आला. एवढा डोंगर चढून आलो आणि ही शेवटी त्यांच्याच बाजूची निघाली, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बसता येत नाही मला!” ती म्हणाली. “कळलं? कॅम्पवर कमोड असतो. वाटेत कुठे असतो? पहिल्याच दिवशी झाडामागे गेले ना, बसले, आणि उठताच येईना. तू पुढे गेली होतीस. हातापायांवर रांगत गेले, खोडाला मिठी मारून उभी राहिले. पँट तशीच. वरून कुणी आलं असतं तर? म्हणून नाही पीत. संध्याकाळी कॅम्पवर पोचले की पिते.”

तिला वाटलं, आता वीणा हसेल किंवा रडेल, आणि दोन्ही तिला नको होतं. वीणानं दोन्ही केलं नाही. फोन तिनं सरिताच्या हातात दिला, पट्टी स्वतःच्या खिशात टाकली आणि बाटली पुढे धरली.

“पी. नंतरचं मी बघते.”

सरितानं पॅरासिटामॉल घेतली आणि अर्धी बाटली एका दमात संपवली. मग तिनं मिहिरला लिहिलं: ‘शनिवारी ये. शेवटच्या पार्किंगला.’ आणि कुणाचं मत बदलायच्या आत पाठवून दिलं.

जोहॅनानंतरची वाट म्हणजे नुसता चढ आणि नुसता उतार. उताराला सरिता तिरपी, एकेक पायरी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला गुडघा आपली हजेरी लावत होता. आज मात्र पाय कुठे पडतोय ते तिला नीट कळत होतं. दीड तासानं जे व्हायचं तेच झालं. तिनं चार वेळा वळून मागे पाहिलं, तेव्हा वीणानं सॅक उतरवली.

आडोशाला म्हणावं असं झाड तिथे नव्हतं. कमरेएवढी खुरटी झुडपं आणि पलीकडे खाली समुद्र.

“हात दे. असे नाही, फुलीसारखे. फुगडीला धरतो तसे.”

“वेड लागलंय तुला.”

“मागे झूक. पाय रोवलेत मी. सोडणार नाही.”

सरितानं हात धरले. कधी काळी आळीतल्या मंगळागौरीला दोघी अशाच फेर धरत असतील, एक साताऱ्याला, एक पुण्यात, एकमेकींना ठाऊकही नसताना. वीणाचे पंजे घट्ट होते. सरिता मागे झुकली, गुडघे करकरले, आणि ती हळूहळू खाली गेली. पडली नाही.

“बसफुगडी,” वीणा आभाळाकडे पाहत म्हणाली. तेव्हा मात्र दोघींनाही हसू आवरेना.

नेमकं तेव्हाच वळणावर काठ्यांची टकटक ऐकू आली. एक उंच, लालबुंद चेहऱ्याचा माणूस, पाठीवर भलीमोठी सॅक. वीणाचे हात सोडून पँट ओढावी तर ती नक्की आडवी होणार होती. तिनं हात सोडले नाहीत. नातवंडांवर ओरडायचा सगळा सराव पणाला लावून ती ओरडली,

“स्टॉप देअर! टर्न अराउंड!”

माणूस जागच्या जागी वळला. “नो वरीज!” तो समुद्राला म्हणाला, आणि काठ्यांवर रेलून तसाच उभा राहिला.

“सावकाश होऊ दे,” वीणा म्हणाली.

सरितानं सावकाश होऊ दिलं. मग वीणानं तीन म्हणताच हात ओढले आणि ती उभी राहिली, दोन्ही जुन्या गुडघ्यांवर. तिनं कपडे नीट केले, हात चोळले आणि “थँक यू, मेट, गो!” असं त्या माणसाला दरडावलं. तो मान खाली घालून, हसू दाबत पुढे निघून गेला.

सॅक पाठीवर चढवायच्या आधी तिनं बाटली काढली आणि घटाघटा प्यायली.

“बास. तासाभरात परत लागेल,” वीणा म्हणाली.

“लागू दे,” सरिता म्हणाली, आणि बाटली पुन्हा तोंडाला लावली.