माझी अंडी मी फोडली नाहीत

माझं कुणी म्हणजे कुणीच खरं मानलं नाही. मी बदकीण. वय झालंय, अंगाने भरलेय, चालते डुलत. म्हणून काय स्वतःच्या अंड्यांवर धपकन बसून ती फोडेन?

समुद्राला मिळण्याआधी नदी जिथे फुटून फाटे-फाटे होते, तिथल्या एका फाट्याकाठी माझी मालकीण अंडी विकते. तिथल्या चिखलात चोच खुपसून माझ्या आईने गोगलगाई खाल्ल्या, मीही खाल्ल्या. पण माझ्या अंड्यांचं कवच कागदासारखं. बसले की टचकन फुटायचं. पोटाखाली ओलं लागलं की काय होतं, ते आईलाच कळतं.

मालकिणीचे सासरे ओट्यावर बसून पाय हलवत म्हणायचे, "सूनबाई, ही म्हशीसारखी बसते. खानावळवाल्याला देऊन टाक."

"तुम्ही खाटेवर बसता तेव्हा खाटही ओरडते, मामंजी. तुम्हाला कुठे देऊ?"

बोलली खरी, पण मन तिचंही डळमळलं होतं. शेजारणीच्या कोंबडीची अंडी तिने माझ्याखाली सरकवली. कोंबडी घरातले दाणे खाणारी, चिखल न पाहिलेली. "ही फुटली तर खानावळ, सांगून ठेवते."

मी बसले. रोजच्यासारखीच, सगळा भार टाकून. एक फुटेल तर शपथ! आणि एका सकाळी पोटाखाली टकटक सुरू झाली. पिवळी पिल्लं, चोची टोकदार, पाण्याला भिणारी. असू देत, माझीच ती. मालकीण तर हातातली बादली टाकून धावली. "बूड तेच, वजन तेच. म्हणजे खोट हिच्यात नाही, अंड्यात आहे."

पाणी तपासणाऱ्या मॅडम दरवर्षी वरचं पाणी बाटलीत भरून न्यायच्या आणि ठीक आहे म्हणायच्या. या खेपेला मालकिणीने माझं पिचकं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. मग त्यांनी तळाचा गाळ नेला, गोगलगाईही नेल्या.

आज त्या आल्या. माझी मान अशी ताठ झालीय की दुखतेय.

"पिकांवर मारायचं जुनं औषध आहे," त्या म्हणाल्या. "बंदी येऊन जमाना झाला, पण गाळात बसून राहिलंय. गोगलगाईतून बदकात जातं, अंड्याचं कवच पातळ करतं. उरलेले डबे कुणीतरी इथेच ओतलेत."

ओट्यावरचे पाय हलायचे थांबले. "समुद्र काय लांब आहे?" सासरे पुटपुटले. "वाटलं, ओहोटीबरोबर जाईल."

आता मला चिखलात सोडणार नाहीत. दाणे खाईन, जगेन. पण बाकीची बदकं अजून तिथेच चोच मारताहेत. बायांनो, वरचं नितळ पाणी बघून फसू नका. तळ उपसायला लावा.

"कुणी ओतलं, माहीत आहे का?" मॅडमनी विचारलं.

मालकिणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. आवाज जरासुद्धा खाली न आणता म्हणाली, "आमचे मामंजी."