जन्माआधीचा बाप्तिस्मा

एकतीस जुलैला सकाळी अकरा चाळीसला लिबोरिया स्पाताफोरा नगरपालिकेतल्या जन्मनोंदणीच्या खिडकीशी पोचली. खिडकी एकला बंद होणार होती. डोंगरउतारावरचं टपाल कार्यालय एक पस्तीसला. लिबोरियाच्या पिशवीत घरच्या टीव्हीवर दरवर्षी भरावं लागणारं सरकारी शुल्क माफ करण्याचा अर्ज होता, भरलेला, सही केलेला. तो आज तुरीनच्या कर कार्यालयाकडे रवाना झाला नाही, तर या वर्षाची माफी बुडणार होती.

अर्जात सगळं ठीक होतं. उत्पन्न मर्यादेच्या आत, घरात एकटी, टीव्ही एक. अडचण होती ती फक्त वयाची. एकतीस जुलैपर्यंत पंचाहत्तर पूर्ण हवीत आणि लिबोरियाच्या ओळखपत्रावर जन्मतारीख होती एक ऑगस्ट.

"एका दिवसाने गं, एका दिवसाने!" मागून जेझुआल्दो म्हणाला. शेजारी, बालमित्र आणि कागदोपत्री तिच्याहून सहा दिवसांनी थोरला. त्यानेच तिला आपल्या तीनचाकी टेम्पोतून वर आणलं होतं. त्याचा अर्ज कालच गेला होता आणि हे त्याने वाटेत चार वेळा सांगितलं होतं. "तुझ्या बापाला जरा लवकर उठायला काय झालं होतं?"

"माझ्या बापाला नावं मी ठेवीन. तू नको ठेवूस."

आणि ठेवत ती आलीच होती, जन्मभर. त्या काळी गावात बहुतेकांना दोन वाढदिवस असत, एक आईचा आणि एक कागदाचा. बाप मळणीत नाहीतर खाणीत अडकायचा, दहा दिवसांची मुदत उलटून जायची, आणि दंड चुकवायला तो बेधडक सांगायचा, "पोर नुकतंच झालं." लिबोरियाची आई म्हणायची, तू सांत आन्नाच्या सणाला झालीस, सव्वीस जुलैला. कागद म्हणायचा एक ऑगस्ट. म्हणजे बाप आळशी. हिशेब सरळ होता.

तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. सकाळीच चर्चमधून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखला.

खिडकीतल्या ऑर्नेलाने तो वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला. "मावशी, इथे बाप्तिस्मा तीस जुलैला झालाय."

"हो."

"आणि जन्म एक ऑगस्टला."

"म्हणजे ही पोटातूनच देवळात गेली!" जेझुआल्दोला हसू आवरेना. "पाद्रीबाबांनी पाणी कुठे शिंपडलं असेल?"

"तू गप्प बस रे. पोरी, हे चालेल का?"

"चर्चचा कागद इथे चालत नाही, मावशी. पण..." ऑर्नेला उठली. "मूळ वही बघते. आपल्याकडे कॉम्प्युटरात आहे ते जुन्या कार्डांवरून आलंय. वहीत कोणी वर्षानुवर्षं डोकावलेलं नाही."

तळघरातून १९५० सालची वही वर यायला पंचवीस मिनिटं लागली. लिबोरिया उभीच राहिली. बारा दहा. पानं चिकटली होती. ऑर्नेला बोट फिरवत एक्केचाळिसाव्या नोंदीवर थांबली आणि तिचा आवाज एकदम चढला.

"मावशी! सव्वीस जुलै! अक्षरात लिहिलंय! वडील हजर झाले अठ्ठावीसला. दोनच दिवसांत!"

लिबोरियाने खिडकीची कड धरली. "बाबा?"

"सहीसुद्धा आहे. स्पाताफोराचा एस मोठा, बाकी वेडीवाकडी."

"तीच. तीच सही." तिने त्या अक्षरांवर बोट टेकवलं. "खरंच बोलला होता गं माझा बाप. आणि मी पंचाहत्तर वर्षं..."

"मग एक ऑगस्ट आला कुठून?" जेझुआल्दोने विचारलं.

ऑर्नेलाने खालची, बेचाळिसावी नोंद वाचली. मग त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडून, काका. एक ऑगस्टला तुम्ही झालात. कार्डं करताना कोणीतरी दोन ओळींच्या तारखांची अदलाबदल केली."

जेझुआल्दोने मान पुढे काढून ती ओळ स्वतः वाचली. त्याची आई मरेपर्यंत एक ऑगस्टलाच बदामाचा केक करायची. घरात सगळे म्हणायचे, कागदावर सव्वीस जुलै आहे, म्हातारीची गफलत होते. मूल जन्माला यायच्या आधीची तारीख कोणता बाप सांगेल, हा साधा प्रश्न कोणाला पडला नव्हता. दोन तारखांची सवयच होती.

"म्हणजे माझी माफी?"

"पुढच्या वर्षी, काका. कालचा अर्ज मागे घ्यावा लागेल."

नोंदीचा उतारा टाइप होऊन, शिक्का बसून हातात पडला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ऑर्नेलाने खिडकी उघडीच ठेवली होती. टपाल कार्यालय तीन किलोमीटर खाली, ऊन कडक आणि बस दोनला. लिबोरियाने टेम्पोकडे पाहिलं, मग टेम्पोच्या मालकाकडे. तो किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता.

"पंचाहत्तर वर्षं मी थोरला होतो," तो म्हणाला.

"होतास."

"शाळेत तुला माझं दप्तर उचलायला लावलं."

"आठवतंय. नेशील की चालू लागू?"

"बस. पण घट्ट धर. ब्रेक जरा तसाच आहे."

टेम्पो उतारावर सुटला. वळणावर एक कोंबडी वाचली, चौकात एका पोलिसाने शिट्टी फुंकली, आणि लिबोरिया उताऱ्याचा कागद छातीशी दाबून ओरडत होती, "अजून जोरात! अजून!" स्मशानाची भिंत आली तसा जेझुआल्दोने वेग कमी केला.

"थांबवू? बापाला सांगायचं असेल."

"आधी टपाल, मग बाबा. तो थांबेल. मीच नाही थांबले कधी त्याच्यासाठी."

टपालाच्या खिडकीची काच अर्धी खाली आली होती. जेझुआल्दोने तिच्याखाली हात घातला. "बाई, एकच! माझ्या थोरल्या बहिणीचं आहे!"

पावतीवर वेळ उमटली एक एकतीस.

बाहेर पायरीवर लिबोरियाने ती दोनदा वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली, आणि मगच त्याच्याकडे वळली.

"संध्याकाळी ये. कोड्यांचा कार्यक्रम सातला. तुझा टीव्ही बंद ठेव हवा तर, माझा फुकट आहे."

"रिमोट कोणाकडे?"

"थोरलीकडे."

"बरं, ताई," जेझुआल्दो म्हणाला आणि टेम्पो स्मशानाच्या दिशेने वळवू लागला.