हॅलसची बाजू

"लोम्बार्डीची सर कुणाला यायची नाही," कागदी डबा उघडता उघडता नॉर्बर्टने खडा टाकला. "सात वर्षांत पाच अजिंक्यपदं! तुझ्या हॅलसला चाळीस वर्षांत जेमतेम सहा."

"बरोबर आहे," क्लेम म्हणाला.

नॉर्बर्टचा हात डब्यावरच थांबला.

एकतीस वर्षं दर शुक्रवारी, कागद कारखान्याची पाळी संपली की दोघे तळलेला मासा खायला बसत. लोम्बार्डी हा ग्रीन बेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक, हॅलस शिकागोच्या संघाचा; आणि ग्रीन बेच्या मुलखात क्लेम हा एकटा शिकागोवाला. लोम्बार्डीचं नाव निघालं की तो काटा आपटायचा. जो हार मानेल त्याने आपल्या ताटातली राय ब्रेडची चकती द्यायची, असं ठरलेलं. हार कुणीच मानली नाही. दोन्ही चकत्या दर शुक्रवारी ताटातच वाळत.

आता क्लेम वृद्धाश्रमाच्या खिडकीशी, गळ्यात रुमाल अडकवून बसला होता.

नॉर्बर्टने मुद्दाम चूक केली. "एकोणीसशे चाळीसच्या अंतिम सामन्यात हॅलसने वॉशिंग्टनला कितीने धुतलं रे? साठ-शून्य ना?"

हा आकडा चुकवला म्हणून क्लेमने एकदा त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

"असेल," क्लेम नम्रपणे हसला. "तुम्हाला बरीच माहिती दिसते."

खाली अंगणात कुणीतरी दाताळ्याने वाळलेली पानं ओढत होतं. नॉर्बर्टने दाताळं चारदा फिरेपर्यंत पाहिलं. मग काटा उचलून टेबलावर आपटला.

"साठ काय, गाढवा! त्र्याहत्तर! त्र्याहत्तर-शून्य! आणि लोम्बार्डीचं काय घेऊन बसलायस? त्याला बसलेली घडी मिळाली. हॅलस स्वतः खेळला, त्यानेच शिकवलं, तिकिटंसुद्धा विकली. तो नसता तर तुझ्या लोम्बार्डीने शिकवलं असतं काय? विणकाम?"

शब्द न् शब्द क्लेमचा होता. मधला दम घेणंसुद्धा.

क्लेम खुर्चीत पुढे सरकला. डोळे चमकले. "मग हा हॅलसच भारी की!"

"एकतीस वर्षं कोकलून सांगतोय लेका."

"पण मग त्या दुसऱ्याचं काय?"

"त्याच्या बाजूने बोलायला आज कुणी आलेलं नाही," नॉर्बर्ट म्हणाला, आणि आपली राय ब्रेडची चकती त्याने क्लेमच्या ताटात ठेवली.

क्लेमने तिला कडेपर्यंत लोणी लावलं, सावकाश, आणि खाल्ली.